‘आजीवन’ हमी : जीवन कोणाचे?

महामार्गावरील कामरेजसारख्या गावी, जेथे सुरतेला जाणेयेणे नित्याचेच, मोटार ही आता चैन राहिलेली नाही. घरची शिल्लक मोजून ती घेताना ‘आजीवन हमी’ हे शब्द कानी पडतात आणि मन हरखते. परंतु आम्ही विचारतो, हे जीवन कोणाचे?

२०२५ साली टाटा मोटर्सने आपल्या काही विजेवरील मोटारींच्या बॅटरीस अशी हमी दिली. तिचा अर्थ पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षे, तीही पहिल्या मालकापुरती. विक्रेते जादा पैसे घेऊन जी हमी देतात, तिच्यात क्लच, ब्रेक, टायर असे झिजणारे भाग बहुधा नसतातच. आणि ठरलेली सर्व्हिसिंग एकदा चुकली, तरी हमी नाकारली जाऊ शकते.

म्हणून पाचसहा वर्षांत गाडी विकणाऱ्याने या मोहात पडू नये. दीर्घकाळ वापरणाऱ्याने मात्र अटी लेखी घ्याव्यात, पावत्या जपाव्यात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. तेथे विक्रेत्याचे गोड बोलणे नव्हे, कागदच साक्ष देतो.