उपकरणं सात, पोर्ट चार : बजेटमधला होम थिएटर रिसिव्हर घेताना नेमकं काय मोजायचं?

सेट-टॉप बॉक्स, फायर स्टिक, प्लेस्टेशन, लॅपटॉप, जुना डीव्हीडी प्लेयर. आजकाल बऱ्याच घरांत टीव्हीच्या मागे वायरींचं जंजाळ असतं आणि टीपॉयवर रिमोटची रांग. त्यात 5.1 स्पीकर घ्यायचे ठरले की प्रश्न येतो, हे सगळं जोडायचं कुठे?

उत्तर असतं एव्ही रिसिव्हर. याला होम थिएटरचं मनमाड जंक्शन म्हणता येईल. सगळ्या गाड्या इथे येतात, मग चित्र टीव्हीकडे जातं आणि आवाज स्पीकरकडे.

पण गोंधळ इथूनच सुरू होतो. घरात सात उपकरणं आहेत म्हणून लोक सात पोर्टवाला रिसिव्हर शोधतात. तो महाग निघतो. मग कुणी बजेट ताणतं, तर कुणी बेतच रद्द करतं. खरं तर सात उपकरणांना सात पोर्ट लागतातच असं नाही.

खोक्यावरचा आकडा कशाचा?

खोक्यावर 5.1, 5.2, 7.2 असे आकडे ठळक छापलेले असतात. त्यांचा उपकरणांशी काहीही संबंध नाही. पहिला आकडा स्पीकरचा, दुसरा सबवूफरचा. सोनीचा एसटीआर-डीएच ५९० हा 5.2 रिसिव्हर आहे आणि एसटीआर-डीएच ७९० हा 7.2. पण एचडीएमआय इनपुट दोन्हींना चारच आहेत. म्हणजे वरचं मॉडेल घेतलं तर दोन स्पीकर जास्त लावता येतील, उपकरण मात्र एकही जास्त जोडता येणार नाही.

वॅटचंही तसंच. याच ५९० ची जाहिरात १४५ वॅट अशी होते, पण तो आकडा एकच चॅनेल चालू असतानाचा आहे. तुलना करायचीच तर ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ आणि दोन चॅनेल चालू, या अटींवरचा आकडा पाहावा. साध्या दिवाणखान्याला बजेट मॉडेलची ताकद सहसा पुरते.

मग पोर्ट किती लागतात?

एक कागद घेऊन घरातल्या उपकरणांची यादी करावी आणि प्रत्येकाला खरंच पोर्ट लागतो का ते बघावं.

टीव्हीतले ॲप : नेटफ्लिक्स, यूट्यूब टीव्हीवरच चालत असतील तर त्यांना पोर्ट लागत नाही. एआरसी नावाची सोय २००९ च्या एचडीएमआय १.४ मध्ये आली. रिसिव्हरकडून टीव्हीकडे चित्र नेणारी केबलच टीव्हीचा आवाज उलट रिसिव्हरकडे आणते. टीव्हीच्या ज्या पोर्टवर ‘एआरसी’ लिहिलंय, त्यातच ती केबल लावायची. टीव्ही चांगला चालत असेल, तर वेगळ्या फायर स्टिकचीही गरज उरत नाही.

मोबाईल : गाणी ब्लूटूथवरून वाजतात. पोर्ट शून्य.

सीडी प्लेयर : लाल-पांढऱ्या पिनेच्या ऑडिओ केबलवर काम भागतं. एचडीएमआय वाचला.

जुना डीव्हीडी प्लेयर : इथे एक खोच आहे. अनेक स्वस्त रिसिव्हर पिवळ्या पिनेतून आलेलं चित्र एचडीएमआयमध्ये बदलत नाहीत. आवाज येतो, पडदा कोराच राहतो. त्यापेक्षा टीव्हीला पिवळ्या पिनेची जागा असेल तर प्लेयर थेट तिथे लावावा. आवाज एआरसीने परत येतोच.

आता उरले सेट-टॉप बॉक्स, प्लेस्टेशन आणि लॅपटॉप. म्हणजे सातपैकी खरे गिऱ्हाईक तीनच. चार पोर्टचा रिसिव्हर पुरला आणि वर एक जागा शिल्लक राहिली.

गेमिंगवाल्यांचं काय?

खर्च सगळ्यात जास्त फुगतो तो इथे. ४के चित्र सेकंदाला १२० फ्रेमने हवं असेल तर एचडीएमआय २.१ लागतं. एचडीएमआय २.० ची वाहण्याची क्षमता १८ गिगाबिट प्रति सेकंद, २.१ ची ४८ पर्यंत. पण रिसिव्हरवर ‘8K’ लिहिलं म्हणजे सगळेच पोर्ट तसे असतात असं नाही. यामाहा आरएक्स-व्ही६ए ला सात इनपुट आहेत, त्यातले तीनच या दर्जाचे.

२०२० मध्ये तर वेगळीच गंमत झाली. यामाहा, डेनॉन आणि मरांट्झच्या २.१ वाल्या नव्या रिसिव्हरमध्ये चिपचा दोष निघाला. एक्सबॉक्स सीरीज एक्स ४के १२० वर चालवला की पडदा काळा व्हायचा. तेव्हा सुचवलेला एक तोडगा साधा होता. कन्सोल थेट टीव्हीला जोडा आणि आवाज ईएआरसीने रिसिव्हरकडे आणा.

हाच तोडगा आज पैसे वाचवतो. टीव्हीला २.१ पोर्ट आणि ईएआरसी असेल, रिसिव्हरलाही ईएआरसी असेल, तर रिसिव्हरचे बाकीचे पोर्ट जुन्या दर्जाचे असले तरी बिघडत नाही. साध्या एआरसीवरून डॉल्बी डिजिटल प्लस येतो, ज्यात ओटीटीवरचा ॲटमॉसही बसतो. ब्लू-रेवरचा अस्सल ट्रूएचडी आवाज मात्र ईएआरसीवरूनच येतो. काही टीव्ही डीटीएस आवाज पुढे पाठवत नाहीत, त्यामुळे ब्लू-रे प्लेयर असेल तर तो रिसिव्हरलाच लावलेला बरा.

तरीही पोर्ट कमी पडले तर?

कमी वापराची दोन-तीन उपकरणं एका एचडीएमआय स्विचवर जोडून तो स्विच रिसिव्हरच्या एका पोर्टमध्ये लावता येतो. पुढच्या पायरीचा रिसिव्हर घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं. स्विच १८ गिगाबिटचा आणि एचडीसीपी २.२ चालणारा असावा, इतकंच. तोटा एकच, कधीकधी स्विच हाताने बदलावा लागतो. घरातल्या आजी-आजोबांना हे झेपणार नसेल, तर सेट-टॉप बॉक्स स्विचवर न टाकता थेट रिसिव्हरला लावावा.

लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन जुना रिसिव्हर स्वस्तात मिळत असेल, तर आधी एचडीसीपी २.२ आहे का ते तपासावं. हे कॉपी-संरक्षण नसलेल्या जुन्या रिसिव्हरमधून ४के चित्र पुढे जात नाही. एक तर दर्जा उतरतो, नाहीतर पडदा काळा पडतो.

थोडक्यात काय?

दुकानात जाण्याआधी चार गोष्टी लिहून न्याव्यात : एचडीएमआय लागणारी उपकरणं किती, टीव्हीला एआरसी आहे की ईएआरसी, स्पीकर पाच लावायला जागा आहे की सात, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत घरात नवीन काय येणार. आलेल्या आकड्यात एक जास्तीचा पोर्ट मिळवला की हिशोब पूर्ण. वाचलेले पैसे स्पीकरमध्ये घालावेत, कारण आवाजातला फरक सगळ्यात आधी तिथेच कळतो.