अडीच टनी ट्रक, दहा चाकं आणि बरेच गैरसमज

अमेरिकेत लष्कराच्या लिलावातून जुना ट्रक घरी आणणाऱ्या हौशी माणसाला सगळ्यात आधी खुपतात ते टायर. रंग उडालेला चालतो, ताडपत्री फाटलेली चालते, पण भेगाळलेले टायर बघवत नाहीत. आणि सल्ल्यांचा पाऊस पडतो तो नेमका याच बाबतीत. सल्ले देणारे बहुतेक जण नक्षी आणि उंचीपासून सुरुवात करतात. सुरुवात खरं तर रिमपासून करायला हवी.

उदाहरण एम-३५ चं घेऊ, कारण या छंदातला सगळ्यात ओळखीचा ट्रक तोच. मिशिगन राज्यात लान्सिंगला असलेल्या रिओ कंपनीने तो १९५० च्या सुमारास लष्कराला दिला. पुढची कित्येक दशकं वेगवेगळ्या कारखान्यांतून तो तयार होत राहिला. टोपणनाव ‘ड्यूस अँड अ हाफ’. ड्यूस म्हणजे पत्त्यांतली दुर्री. म्हणजे दोन आणि वर अर्धा, अडीच टन. या नावातच पहिला गैरसमज दडलेला आहे. अडीच टन ही मर्यादा रस्ता सोडून चालण्यासाठी आहे. पक्क्या रस्त्यावर याच ट्रकला साधारण पाच टनांपर्यंत माल नेण्याची मुभा होती. त्यामुळे ‘अडीच टनीच तर आहे’ म्हणत हलके टायर बसवणाऱ्याचा हिशोब पहिल्या पायरीवरच चुकतो.

या ट्रकला पुढे दोन आणि मागच्या दोन अ‍ॅक्सलवर जोडीजोडीने आठ, असे एकूण दहा टायर असतात. माप ९.००-२०. महाराष्ट्रातल्या जुन्या ट्रकवाल्यांना हे माप सांगावं लागत नाही. ‘नऊशे-वीस’ आणि ‘हजार-वीस’ हे शब्द आपल्याकडच्या टायरच्या दुकानांत पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत; आत ट्यूब, खाली फ्लॅप आणि बाहेरून टायर अडकवणारी लॉक रिंग हा सरंजामही तोच. नऊ इंच ही टायरची अंदाजे रुंदी आणि वीस इंच हा रिमचा व्यास. उभा टायर साधारण साडेचाळीस इंच भरतो.

आता बाजूवर छापलेले ‘प्लाय’. आठ प्लाय म्हणजे आत कापडाचे आठ थर, असं सर्रास सांगितलं जातं. सुती धाग्याच्या जमान्यात ते खरं होतं. नायलॉन आल्यावर कमी थरांत तेवढीच ताकद मिळू लागली, तरी आकडा मात्र ताकदीचं माप म्हणून तसाच राहिला. आज तीच गोष्ट अक्षराने सांगतात: लोड रेंज डी म्हणजे आठ प्लायच्या तोडीचा, ई म्हणजे दहाच्या, एफ म्हणजे बाराच्या, जी म्हणजे चौदाच्या. थर मोजायला कुणी टायर कापत नाही. बघायचं ते एका टायरवर किती वजन आणि त्यासाठी किती हवा; ते बाजूवरच छापलेलं असतं.

लष्करी नक्षीबद्दलची भक्ती तर वेगळीच. दुसऱ्या महायुद्धापासून अमेरिकी लष्कराने आडवे, जाड, दोन्ही दिशांना सारखे दिसणारे ठोकळे असलेली नक्षी वापरली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘एनडीटी’ म्हणतात. ट्रक कोणत्या दिशेला गेला हे शत्रूला खुणांवरून कळू नये म्हणून ती काढली, ही कथा चवीने सांगितली जाते. कथा बाजूला ठेवली तरी सोय उघड आहे. टायर कोणत्याही बाजूला, कसाही चढवला तरी चालतो, आणि मागे-पुढे दोन्हीकडे पकड सारखीच मिळते. युद्धभूमीवर ही मोठी गोष्ट. पण ‘लष्कराचा टायर म्हणजे कुठेही चालणार’ हे काही त्यातून सिद्ध होत नाही. चिकट चिखलात ठोकळ्यांमधल्या खाचा भरून येतात. ओल्या डांबरावर रबर कमी टेकतं, खाचाच जास्त असतात, म्हणून ट्रक घसरतो. कोरड्या हमरस्त्यावर तर असा घोंघाट होतो की शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागतं. शिवाय हे टायर जुन्या पद्धतीचे, तिरप्या नायलॉन थरांचे. रात्रभर उभा राहिलेला ट्रक सकाळी पहिले काही मैल धडधडत जातो. टायर खाली चपटा झालेला असतो, गरम झाला की पुन्हा गोल होतो. बेअरिंग गेलं म्हणून घाबरून हब उघडणारे नवखे मालक कमी नाहीत.

मग रेडियल घ्यावेत का? घ्यावेत, पण रेडियल म्हणजे ट्यूबलेस नव्हे. या ट्रकच्या मूळ वीस इंची रिमवर रेडियल टायरही ट्यूबवरच चालतात. ट्यूबलेस हवे असतील तर रिमच बदलावी लागते, आणि इथे आणखी एक घोळ होतो. साडेबावीस इंची रिम लावली की ट्रक उंच होणार, असं आकड्यावरून वाटतं. प्रत्यक्षात ९.००-२० ची ट्यूबलेस जागा १० आर २२.५ घेतो, हजार-वीसची ११ आर २२.५. बाहेरचा व्यास जवळपास तेवढाच राहतो. वाढलेले अडीच इंच रिमच्या घडणीतून येतात. ट्यूबलेस रिममध्ये टायरची कड पंधरा अंशांच्या उतारावर घट्ट बसते आणि मध्ये खोलगट भाग असतो. १९.५, २२.५, २४.५ अशी अर्ध्यावर संपणारी मापं याच घडणीची खूण आहेत.

बोल्टांची गोष्ट अधिक रुक्ष, पण पैसे तिथेच वाया जातात. एम-३५ च्या चाकाला सहा बोल्ट, त्यांच्या वर्तुळाचा व्यास ८.७५ इंच. त्याच लष्कराच्या पाच टनी ट्रकना दहा बोल्ट, वर्तुळ ३३५ मिलिमीटरचं. दोन्ही ‘आर्मीची चाकं’, दोन्ही वीस इंची, तरी एकमेकांना बसत नाहीत. नंतरच्या ट्रकवरची लोकप्रिय ३९५/८५ आर २० ही चाकंसुद्धा दहा बोल्टांचीच, आणि त्यांची रिम दहा इंच रुंद. मूळ अरुंद रिमवर तो टायर चढवायचा नसतो.

हा मोठा टायर सुमारे ४६ इंच उंच आहे, म्हणजे जुन्यापेक्षा जवळजवळ १५ टक्के मोठा. ट्रक रुबाबदार दिसतो यात वाद नाही. पण वेगमापक ५० मैल दाखवत असताना गाडी ५७ च्या घरात असते. ब्रेकलाही या टायरसमोर १५ टक्के जास्त झुंजावं लागतं, आणि एम-३५ च्या ए-२ या रूपाची ब्रेक व्यवस्था एकेरी आहे: एका ठिकाणी नळी फुटली की सगळे ब्रेक गेले. बहुतेक ट्रकना पॉवर स्टिअरिंगही नाही. नव्वदच्या दशकात लष्कराने स्वतःच ए-३ रूपात दहाऐवजी सहा रुंद टायर दिले, हे खरं. फक्त त्यासोबत नवं इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि चालत्या गाडीत टायरची हवा कमी-जास्त करण्याची यंत्रणाही आली. नुसते टायर बदलून ए-३ होत नाही.

नट उघडताना आणखी एक फसगत ठरलेली. डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. नेहमीच्या सवयीने जोर लावणारा माणूस तो नट आणखी आवळतच जातो, आणि शेवटी बोल्ट तुटतो. मागच्या जोडचाकांत आतल्या चाकाला टोपीसारखा वेगळा नट असतो, बाहेरच्या चाकाचा नट त्यावर बसतो. बाहेरचा सैल केल्याशिवाय आतला आवळला जात नाही. वरून सगळं घट्ट वाटतं आणि आतलं चाक ढिलं फिरत असतं.

लॉक रिंगच्या रिमना सरसकट ‘विधवा करणारी रिम’ म्हणण्याची पद्धत आहे. ही बदनामी मुख्यतः दुसऱ्याच एका दोन भागांच्या घडणीची, जिचा सांधा टायरच्या आत, मधोमध लपलेला असे. एम-३५ ची रिंग बाहेर, डोळ्यांसमोर असते, त्यामुळे ती नीट बसली की नाही हे तपासता येतं. म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. हवा भरलेल्या टायरचा त्या रिंगवर हजारो किलोंचा रेटा असतो. अमेरिकेत १९८० पासून अशा रिमवर काम करण्यासाठी कामगार सुरक्षेचा वेगळा नियम आहे: आधी व्हॉल्व्हचा गाभा काढून सगळी हवा सोडायची, रिंग गंजलेली किंवा वाकलेली असेल तर टाकून द्यायची, हवा पोलादी पिंजऱ्यात भरायची. नेमून दिलेल्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर चाललेला टायर असेल, तर चाक अ‍ॅक्सलवरून उतरवण्याआधीच तो रिकामा करायचा. पेट्रोल पंपावर ओणवं होऊन हवा भरणारा माणूस हे सगळं एका झटक्यात मोडतो.

लिलावातले टायर ‘नव्वद टक्के नक्षी शिल्लक’ असे विकले जातात. नक्षी शिल्लक असते, रबर उरलेलं नसतं. लष्करी ट्रक वर्षानुवर्षं उभे असतात, झिजत नाहीत, फक्त म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वय सांगतात: ३४१२ म्हणजे २०१२ चा चौतिसावा आठवडा. शेवटी तीनच आकडे असले तर टायर २००० सालाआधीचा, मग पुढे विचारायचं कारण नाही.

उरला मापांचा मेळ. जोडीतल्या दोन टायरच्या व्यासात अर्ध्या इंचाहून जास्त फरक नको, नाहीतर मोठा टायर सगळं ओझं पेलतो आणि छोटा रस्त्यावर घासत जातो. रेडियल आणि जुन्या पद्धतीचा टायर एका जोडीत तर मुळीच नकोत. ज्या एम-३५ मध्ये मागची चाकं घसरली की पुढचा अ‍ॅक्सल आपोआप जोडला जातो, तिथे पुढे मोठे टायर लावले तर त्या यंत्रणेला मागची चाकं सतत घसरत आहेत असंच वाटतं, आणि कोरड्या रस्त्यावरही पुढचा अ‍ॅक्सल गुंतून राहतो.

एवढं सगळं सांभाळून सहा मोठी चाकं बसवलेल्या ट्रकमध्ये केबिनमागे बघावं. स्टेपनीच्या जागेत ४६ इंची चाक मावत नाही, म्हणून तिथे बहुतेकदा जुनाच नऊशे-वीस लटकत असतो.