नुसतं 'यीस्ट' म्हणून भागत नाही

योनिमार्गातला स्वॅब आमच्या लॅबच्या टेबलावर येतो तेव्हा सोबतच्या फॉर्मवर एवढंच असतं : 'पांढरं जाणे, खाज, वारंवार'. त्या 'वारंवार'मागे बहुतेकदा केमिस्टकडून आणलेली फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची गोळी असते, मग जावेने सुचवलेलं मलम, मग पुन्हा तीच गोळी.

आधी स्लाइड. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात स्राव मिसळला की बाकीच्या पेशी विरतात आणि बुरशी उघडी पडते. कळ्या फुटलेल्या गोल पेशी, मधूनच लांब तंतू. पण कित्येकदा बुरशी नसतेच. ग्रॅम स्टेनमध्ये जिवाणूंनी माखलेल्या पेशी दिसतात, म्हणजे दुखणंच वेगळं. 'औषध लागू पडत नाही' ही तक्रार अशा वेळी तिथेच निकालात निघते.

बुरशी दिसली तर क्रोम अगारची प्लेट. दोन दिवसांत बुरशीच्या जातीप्रमाणे रंग उमटतात : कॅन्डिडा अल्बिकन्स हिरवी, ट्रॉपिकॅलिस निळी, क्रुसेई खरबरीत गुलाबी, ग्लाब्राटा जांभळट. हिरव्या वसाहतीचा कण मानवी सीरममध्ये टाकून ३७ अंशांवर ठेवला, की दोन-तीन तासांत पेशीला सरळ शेपूट फुटतं. अल्बिकन्सची खूण असलेली ही जर्म ट्यूब बघायचा मला अजून कंटाळा आलेला नाही. मात्र तीन तास उलटू द्यायचे नाहीत, नाहीतर ट्रॉपिकॅलिसही शेपटं काढायला लागते आणि सगळा घोळ होतो.

मग औषधाची परीक्षा. ग्लुकोज आणि मिथिलीन ब्लू घातलेल्या म्युलर-हिंटन अगारवर बुरशी पसरायची, वर २५ मायक्रोग्रॅम फ्लुकोनाझोलची डिस्क ठेवायची, दुसऱ्या दिवशी डिस्कभोवतीचं बुरशी न वाढलेलं वर्तुळ, म्हणजे झोन, पट्टीने मोजायचा. अल्बिकन्ससाठी १७ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर औषध चालेल. १३ किंवा कमी असेल तर नाही. झोनची कड धूसरच असते, कारण हे औषध बुरशीला मारत नाही, तिची वाढ रोखतं. पेशीच्या आवरणाला लागणारं अर्गोस्टेरॉल बनवणारं एन्झाइम ते अडवतं. चिवट बुरशी त्या एन्झाइमचा आकारच बदलते, किंवा आत शिरलेलं औषध पंपाने बाहेर फेकते. क्रुसेईवर फ्लुकोनाझोल मुळातच चालत नाही, तिच्यासाठी डिस्क वाया घालवू नये. ग्लाब्राटावर ते बरेचदा लंगडं पडतं. तिथे डॉक्टर बोरिक अ‍ॅसिडची ६०० मिलिग्रॅमची कॅप्सूल देतात, रोज एक, १४ दिवस, फक्त योनीत ठेवायला. गिळली तर ते विष आहे, आणि गरोदरपणात ती वापरायची नाही.

झोनवर मी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. आमच्या अगारचा पीएच सातच्या थोडा वर, योनीतला चार-साडेचार. आम्लात फ्लुकोनाझोल दुबळं होतं, म्हणून प्लेटवर जिंकलेलं औषध बाईच्या अंगात हरू शकतं.

सरकारी दवाखान्यात अशा लक्षणांवर हिरवं किट देतात : सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल, तपासणीशिवाय. जिथे मायक्रोस्कोप नाही तिथे दुसरं काय करणार? डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग निघाले आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. हा अभ्यास १९८९चा. पहिल्या खेपेला किट द्यायला माझी हरकत नाही. पण वर्षात तिसऱ्यांदा तेच दुखणं घेऊन आलेल्या बाईला स्वॅबशिवाय परत धाडू नये, आणि स्वॅब आलाच तर आम्ही लॅबवाल्यांनी रिपोर्टवर नुसतं 'यीस्ट सेल्स दिसल्या' लिहून हात झटकू नयेत. जात लिहावी, झोन लिहावा, आणि ग्लाब्राटा निघाली तर डॉक्टरांना फोनही करावा.