बॅरिस्टर सरदारसिंह राणा

विद्या आणि धन हीं एका मनुष्याच्या ठायीं क्वचितच एकत्र येतात. आलीं तरी तीं दुसऱ्याच्या उपयोगीं पडतातच असें नाहीं. बॅरिस्टर सरदारसिंह राणा हे ह्या नियमास अपवाद होते. त्यांची ओळख आमच्या विद्यार्थिवर्गास व पालकांस करून द्यावी, असें आम्हांस वाटतें.

तलासरीच्या पलीकडे गुजरातची सीमा लागते, आणि आमच्या डहाणूच्या बाजारांत मराठीबरोबर गुजरातीही कानीं पडते. त्या गुजराती मुलुखांतील काठेवाडांत, लिंबडी संस्थानांतील कंथारिया गांवीं, १८७० सालीं राणांचा जन्म झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतून १८९८ मध्यें पदवी घेऊन ते बॅरिस्टर होण्यासाठीं लंडनला गेले. पुढें मात्र पॅरिसला येऊन ते मोत्यांच्या व्यापारांत शिरले. त्या काळीं इराणच्या आखातांतील मोती मुंबईस येत. तेथें त्यांची प्रतवारी होई, त्यांस वेज पाडीत, आणि मग ते पॅरिसच्या पेढ्यांवर जात.

ह्या व्यापारांत राणांस चांगला पैसा मिळाला. तो त्यांनीं कसा खर्चिला, हें पाहण्याजोगें आहे. १९०५ सालीं त्यांनीं परदेशीं शिकूं इच्छिणाऱ्या हिंदी तरुणांसाठीं दोन-दोन हजार रुपयांच्या शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. त्यांपैकीं छत्रपति शिवाजी महाराजांच्या नांवाची शिष्यवृत्ति मिळवून नाशिकजवळील भगूरचे विनायक दामोदर सावरकर १९०६ मध्यें लंडनला गेले. १९०७ मध्यें जर्मनींतील स्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेंत मॅडम कामा यांनीं हिंदुस्थानचा ध्वज फडकविला, तेव्हां राणाही तेथें होते.

ह्या कार्याची किंमत त्यांस द्यावी लागली. मायदेश पूर्वींच दुरावला होता. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें, फ्रान्स व इंग्लंड एका बाजूस लढूं लागले, आणि फ्रान्सचा आश्रयही सुटला. दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेस, कॅरिबियन समुद्रांत, मार्टिनिक नांवाचें फ्रेंचांचें बेट आहे. तेथें राणांस हद्दपार करण्यांत आलें. बरोबर त्यांची जर्मन पत्नी होती आणि मरणाच्या दारीं असलेला पुत्र रणजितसिंह होता. दुसऱ्यांच्या मुलांस विद्येसाठीं समुद्रापार आणणाऱ्या ह्या पित्यास स्वतःचें आजारी मूल घेऊन वनवासास जावें लागलें! १९२० मध्यें ते फ्रान्सला परतले. १९४७ सालीं देश स्वतंत्र झालेला त्यांस पाहावयास मिळाला. आणि १९५७ च्या मे महिन्यांत वेरावळ येथें, काठेवाडच्याच भूमींत, त्यांनीं देह ठेविला.

मुलांनो, तुमच्यांपैकीं कोणी वकील होईल, कोणी व्यापारी, तर कोणी चिकूच्या वाडीचा धनी. हद्दपारीचा प्रसंग तुम्हांवर न येवो. परंतु आपल्या मिळकतींतून एखाद्या परक्या मुलाची फी भरणें, हें प्रत्येकाच्या हातचें आहे. राणांच्या देशसेवेंतील तेवढा धडा तरी आपण सर्वांनीं गिरवावा, इतकेंच आमचें मागणें आहे.