मृत्युपत्र आणि अवयवदान

घरदार, ठेवी आणि दागिने यांची व्यवस्था सुज्ञ गृहस्थ मृत्युपत्रांत करून ठेवतो. त्याच कागदांत ‘माझे अवयव दान करावेत’ असें एक कलम घातलें म्हणजे त्या इच्छेचीही तजवीज झाली, असा पुष्कळांचा समज असतो. इच्छा थोर खरी. परंतु तिची एकटी नोंद तेथें असून भागत नाहीं.

मृत्युपत्राचें काम सावकाशीचें आहे. तें वकिलाच्या कपाटांत किंवा बँकेच्या तिजोरींत पडून असतें आणि बहुधा तेराव्यानंतर उघडण्यांत येतें. त्या विलंबानें शेत कोठें जात नाहीं कीं घर हलत नाहीं. शरीराची गोष्ट निराळी. देहाबाहेर काढलेलें हृदय चार ते सहा तासच टिकतें. मूत्रपिंड योग्य थंडाव्यांत ठेविल्यास सुमारें एक दिवस टिकतें. आणि बुबुळावरील पारदर्शक पडदा मृत्यूनंतर सहा तासांच्या आंत काढावा लागतो. मृत्युपत्राचें पाकीट फुटेपर्यंत या दानाची वेळ केव्हांच टळलेली असते.

हृदय, यकृत व मूत्रपिंडें यांचें मरणोत्तर दान भारतांत बहुतेक वेळां मेंदूस्तंभ-मृत्यूनंतर होतें. मेंदूचा देठ कायमचा निकामी झालेला असतो. पण यंत्राच्या साह्यानें श्वासोच्छ्वास चालतो व हृदयाचे ठोके पडत असतात. चार वैद्यांचें मंडळ निदान सहा तासांच्या अंतरानें दोनदां तपासणी करून निर्णय देतें. अशा वेळीं बाहेर बसलेल्या पत्नीला किंवा मुलाला विचारण्यांत येतें, ‘रुग्णाची इच्छा काय होती?’ छाती वरखालीं होतांना दिसत असतां होकार देणें किती कठीण, हें सांगावयास नको. पतीचा मनोदय पूर्वीं ऐकलेला असेल, तर पत्नीच्या मनावरील भार पुष्कळ हलका होतो. नसेल, तर ती नकार देते. आणि त्याबद्दल तिला दोष कसा द्यावा?

१९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानें ही अडचण ओळखलेली दिसते. दात्यानें लेखी व निःसंदिग्ध संमति दोन किंवा अधिक साक्षीदारांसमक्ष द्यावी आणि त्यांपैकीं निदान एक जवळचा नातलग असावा, असें त्याचें तिसरें कलम सांगतें. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणें मृत्युपत्रासही दोन साक्षीदार लागतात. पण तेथें तिऱ्हाईत माणसें घेण्याचा प्रघात आहे. येथें कायदा मुद्दाम घरचें माणूस मागतो.

म्हणून २०१४ च्या नियमांतील सातवा नमुना भरावा. अठरा वर्षें पूर्ण झालेल्या कोणासही तो भरतां येतो. एक प्रत घरांत सर्वांस ठाऊक अशा जागीं ठेवावी व दुसरी कुटुंबाच्या वैद्याकडे द्यावी. मृत्युपत्रांत त्याच इच्छेचा पुनरुच्चार करावयास हरकत नाहीं. मात्र दोन्हीं कागदांत विसंगति नसावी. पुढें विचार पालटल्यास संमति मागें घेतां येते. तेंही घरच्यांस कळवावें.

एवढें करूनही रुग्णालयें प्रत्यक्ष प्रसंगीं नातलगांची लेखी संमति घेतात. तेव्हां नमुन्यावर सही करण्यापूर्वीं एखाद्या संध्याकाळीं घरांतील मंडळींस एकत्र बसवून हा विषय काढावा, त्यांच्या शंका ऐकाव्या, आणि मगच लेखणी उचलावी.