रेघेवरचा यंत्रमानव

एजंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विम्याचा एजंट उभा राहतो. संगणकशास्त्रात मात्र भोवतालचे काही जाणून घेऊन त्यानुसार आपली पुढची कृती ठरवणाऱ्या कोणालाही एजंट म्हणतात. व्याख्या कोरडी खरी. पण जमिनीवरच्या रेघेवरून चालणारा छोटासा यंत्रमानव पाहिला की ती उलगडते.

आपल्या वडाळा रोडला हार्बर मार्गाचे दोन फाटे होतात. एक माहीम-वांद्र्याकडे, दुसरा कुर्ल्याकडे. सांधे जसे लावले तशी गाडी जाते, चाकांना काही पाहावे लागत नाही. यंत्रमानवाला मात्र आपली रेघ क्षणोक्षणी शोधावी लागते.

पवईच्या आय.आय.टी.त प्रा. कवी आर्य यांच्या ‘ई-यंत्र’ प्रकल्पात अभियांत्रिकीचे विद्यार्थी हे ‘फायरबर्ड-५’ नावाच्या चिमुकल्या गाडीवर शिकले. तिच्या पोटाखाली रेघ हेरणारे तीन संवेदक असतात. पांढऱ्या जमिनीवरून प्रकाश जास्त परततो, काळ्या रेघेवरून कमी. एवढेच त्यांना कळते. आज्ञावलीही तितकीच साधी. मधल्याखाली काळे असेल तर दोन्ही चाके सारखी फिरव. डाव्याखाली काळे आले, म्हणजे गाडी उजवीकडे सरकली. तेव्हा डावे चाक हळू कर. उजव्याखाली आले तर याच्या उलट. पाहणे, ठरवणे, वळणे, पुन्हा पाहणे. हे चक्र सेकंदात कितीतरी वेळा फिरते.

आणि तिन्हींखाली पांढरेच आले तर? आपल्या नियमांत याचे उत्तरच नाही. यंत्र मठ्ठ म्हणून आपण मोकळे होतो, पण विसरलेलो असतो आपण! उपाय सोपा आहे. रेघ शेवटी कोणत्या बाजूला दिसली, एवढे टिपून ठेवायला सांगावे. मग रेघ सुटताच गाडी त्या बाजूला वळते आणि बहुधा रेघ सापडते. रेघेला वडाळ्यासारखा फाटा फुटला, तर मात्र ही आठवणही अपुरी पडते. तेथे कोठे जायचे ते ठाऊक हवे. म्हणजे उद्दिष्ट आले.

यांपैकी बुद्धी कोणत्या पायरीवर आली? आमच्या मते आठवणीच्या. तर्कशास्त्र घेतलेल्या मित्रांना हे मुळीच मान्य नाही. असो.

यासाठी यंत्रच हवे असे नाही. आम्ही व्हरांड्यात खडूने रेघ ओढली, एका मित्राचे डोळे बांधले आणि दुसऱ्याला फक्त ‘डावे’, ‘मधले’, ‘उजवे’ एवढेच बोलायची मुभा दिली. रेघ भिंतीपाशी संपत होती. मित्र इमानाने ‘मधले’ ऐकत गेला आणि भिंतीवर आदळला. ‘थांब’ हा नियम आम्ही लिहिलाच नव्हता.