दाराआडची दोन इंची केरसुणी

बाहुलीच्या घरात पलंग असतो, आरसा असतो, टेबलावर फुलदाणी असते. सगळं कसं जागच्या जागी, तरीही ते घर दुकानातल्या शोकेससारखं दिसतं. मग कुणीतरी दाराआड दोन इंचांची केरसुणी उभी करतं. तिच्या शेजारी पालथी बादली आणि बादलीवर वाळत टाकलेलं फडकं ठेवतं. एवढ्यानं त्या घरात माणसांचा वावर असल्यासारखं वाटू लागतं. छोट्या वस्तू घडवणारे हौशी कारागीर दिवाणखान्याच्या झुंबराइतकीच मेहनत केरवाऱ्याच्या सामानावर घेतात, ती यासाठीच.

ही हौस जुनी आहे. सतराव्या शतकात जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात बाहुलीघरं मुलींना घर कसं चालवावं हे दाखवण्यासाठीही वापरली जात. १६३१ मध्ये आना केफर्लिन या बाईंनी आपलं बाहुलीघर लोकांना पाहायला खुलं केलं. मुलांनी ते नीट निरखावं आणि घरकाम शिकावं, असं त्यांच्या छापील पत्रकात म्हटलेलं होतं. ते घर आता उरलेलं नाही. मात्र १६३९ सालचं श्ट्रोमर कुटुंबाच्या नावानं ओळखलं जाणारं घर त्याच शहरातल्या जर्मन राष्ट्रीय संग्रहालयात आजही पाहता येतं. आम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये पेट्रोनेला ऊर्टमन यांचं बाहुलीघर आहे. १६८६ ते १७१० या काळात सजवलेल्या या घरात धुतलेल्या कपड्यांसाठी वेगळी खोलीसुद्धा आहे.

नवी दिल्लीच्या आखणीमुळे आपल्याला ठाऊक असलेले वास्तुरचनाकार एडविन लट्येन्स यांनी १९२१ ते १९२४ या काळात इंग्लंडच्या राणी मेरीसाठी एक बाहुलीघर उभारलं. विंडसरच्या किल्ल्यात ठेवलेल्या या घराच्या नळांना पाणी येतं, दिवे लागतात आणि लिफ्टही चालते. राणीचं घर झालं तरी ते राबत्या घरासारखं असायला हवं, हा त्यामागचा आग्रह होता.

या घराचं माप एकास बाराचं, म्हणजे खऱ्या वस्तूच्या एका फुटाला एक इंच. जगभरातले बहुतेक हौशी लोक हेच माप धरतात. आपल्याकडे फूट-इंचाची सवय अजून टिकून असल्यानं हा हिशेब तोंडी जमतो. फरशी पुसायच्या मॉपचा दांडा चार फुटांचा असेल, तर छोटा दांडा चार इंचांचा. लांबी अशी सहज साधते, फसगत होते ती जाडीत. खरा दांडा अडीच सेंटिमीटर जाड असतो. बाराव्या हिश्शानं तो दोन मिलिमीटरच भरतो, म्हणून कबाबाची बांबूची काडीही पॉलिश पेपरनं घासून बारीक करावी लागते. झाडूची काडी एक मिलिमीटरची असेल, तर छोट्या झाडूत ती माणसाच्या केसाएवढीच व्हायला हवी. खेळण्यांतले बरेचसे झाडू खोटे वाटतात, कारण त्यांच्या काड्या फार जाड असतात.

केरसुणी करायची तर शिंदीची सुकी पाती उत्तम. ती भिजवून ठेवावीत, नाहीतर मोडतात. सुईच्या टोकानं एकेक पातं उभं चिरत न्यायचं आणि मुठीकडचा भाग मात्र अखंड ठेवायचा. अशी पंधरा-वीस पाती एकत्र धरून मूठ दोऱ्यानं घट्ट आवळायची. मग ओली असतानाच खालची बाजू पंख्यासारखी पसरायची आणि दोन कागदांमध्ये घालून रात्रभर जाड पुस्तकाखाली दाबून ठेवायची. सकाळी टोकं कापताना एका बाजूला किंचित तिरकी कापायची. खरी केरसुणी रोजच्या वापरानं एका अंगाला झिजते आणि त्या झिजेमुळेच ती कुणाच्या तरी हातातली वाटते. चहाच्या पाण्याचा हलका हात फिरवला, की नवेपणाही जातो.

अंगणाच्या खराट्याला माडाच्या हिरांऐवजी नारळाच्या काथ्याचे धागे चालतात. त्यांची जाडी मापात बसते. थंड पेयाच्या कॅनच्या पत्र्याची सुपली होते, पण त्याची धार हात कापते, म्हणून कडा आत दुमडून घ्याव्यात. पाण्याच्या बाटलीचं झाकण म्हणजे कपडे भिजवायचा टब. कपड्यांच्या साबणाची वडी खऱ्या साबणातूनच कापावी, जेमतेम ज्वारीच्या दोन दाण्यांएवढी.

सगळ्यात हट्टी असतं ते कापड. फडकं कितीही लहान कापलं, तरी त्याच्या विणीचा ताठपणा काही लहान होत नाही. बादलीच्या काठावर ते लोंबत नाही, पुठ्ठ्यासारखं आडवं राहतं. त्यावर उपाय म्हणजे धुऊन धुऊन विरलेल्या मलमलीचा तुकडा पातळ केलेल्या गोंदात बुडवायचा, चिमट्यानं त्याला चुण्या घालायच्या आणि तसाच वाळू द्यायचा. पाण्याचंही तसंच. इवल्या बादलीत खरं पाणी ओतलं, तर पृष्ठताणामुळे ते काठाशी वर चढतं आणि बादलीतल्या पाण्यासारखं दिसतच नाही. म्हणून तिथे पारदर्शक रेझिनचा पातळ थर ओततात.

बाजारात तयार मिळणाऱ्या छोट्या संचांत सहसा लांब दांड्याचा झाडू, मॉप आणि व्हॅक्यूम क्लीनर असतो. इंग्लंड-अमेरिकेतल्या घराला ते शोभतं. पण कोकणातलं चौपाखी घर किंवा पुण्यातला जुना वाडा कुणी छोटा करून मांडला आणि त्याच्या कोपऱ्यात मॉप ठेवला, तर सगळाच घोटाळा होतो. आपली केरसुणी मातंग समाजातल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधली आहे. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदीकुंकू वाहतात. भातुकलीत जातं, सूप, चूल आली, त्यांच्याच रांगेत केरसुणीचीही जागा आहे.

आता घराघरांत प्लास्टिकचे झाडू आले आहेत. आजीकडे शिंदीची केरसुणी, पत्र्याची सुपली किंवा पितळी घंगाळ अजून असेल, तर या सुट्टीत मुलांना टेप घेऊन बसवा. लांबी, रुंदी, मुठीचा घेर, दोऱ्याचे वेढे, सगळं वहीत उतरवून घ्या आणि प्रत्येक मापाला बारानं भागा. घरात रांगतं मूल असेल, तर तयार झालेल्या वस्तू त्याच्या हाती लागणार नाहीत अशा उंच फळीवर ठेवा.